कोवळ्या निलगिरीची चौकट करू नका
बांधावरची निलगिरी पाच-सहा वर्षांत सरळसोट वाढते आणि शेतकऱ्याला वाटतं, चला, घराच्या चौकटीची सोय झाली! इथेच फसगत होते. उभ्या खोडात ताण साठलेला असतो. करवत फिरली की तो मोकळा होतो. ओंडका टोकाला उकलतो, फळी वाकते. शिवाय कोवळ्या खोडात गाभा थोडा, पांढरं लाकूड जास्त. ते वाळताना आकसतं, वाळवीही लवकर लागते.

मग काय, नुसतं जळण? तसं नाही. कागदाच्या लगद्याला हेच लाकूड चालतं. स्लॅबच्या टेकूला, मांडवाला बल्ल्या खपतात. फळ्याच हव्या असतील तर झाड आणखी जाड होऊ द्या. तोडल्यावर टोकांना लगेच डांबर फासा, फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा, वर वजन ठेवा. उन्हात टाकल्या तर गेल्याच म्हणून समजा.