अंडाशयाच्या कर्करोगाचा उगम

कन्हानच्या पुलावरून नदीचे रुंद पात्र पाहणारा मनुष्य तिचा उगम तेथेच आहे असे मानीत नाही. तो दूर छिंदवाडा जिल्ह्यातील सातपुड्यात आहे. अंडाशयाच्या कर्करोगाविषयी मात्र वैद्यकशास्त्राने हीच चूक दीर्घकाळ केली. गाठ अंडाशयावर आढळते, म्हणून रोगही तेथेच जन्मला असे गृहीत धरले गेले. या रोगाचा सर्वाधिक आढळणारा व अतिशय घातक असा जो सीरस प्रकार, त्याचा आरंभ बहुधा अंडवाहिनीच्या टोकाशी असलेल्या झालरीतील पेशींत होतो, असे आता मानले जाते. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असलेल्या स्त्रियांच्या, प्रतिबंधक उपाय म्हणून काढलेल्या अंडवाहिन्या बारकाईने तपासल्या असता तेथे अगदी आरंभीची विकृती दिसून आली.

ही चूक केवळ नावापुरती नव्हे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रक्ततपासणी व अंडाशयाचे ध्वनिचित्रण नियमित करूनही मृत्यूंचे प्रमाण घटले नाही.

पहिला आघात प्रायः टीपी-५३ या जनुकावर होतो. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ३१६ गाठींपैकी सुमारे ९६ टक्के गाठींत त्याचे उत्परिवर्तन आढळले. या जनुकाचे प्रथिन डीएनएला इजा झालेल्या पेशीचे विभाजन रोखते. बीआरसीए-१ चे प्रथिन तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करण्यास साहाय्य करते. ही दोन्ही जनुके सतराव्या गुणसूत्रावरच आहेत. बिघडलेली जनुके एका प्रतीवर असता निरोगी प्रत गळून पडली, तर पहारेकरी आणि कारागीर दोघेही एकदमच नाहीसे होतात. त्यानंतर गुणसूत्रे तुटतात, भलतीकडे जोडली जातात, आणि एका पेशीच्या वंशाला अनेक शाखा फुटतात.

या शाखांचे सामर्थ्य सारखे नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या जलोदराच्या द्रवातून एकेका पेशीपासून स्वतंत्र वंश वाढविले; हे काम २००५ साली प्रसिद्ध झाले. प्राण्यांत नवी गाठ उत्पन्न करण्याची शक्ती आरंभी त्यांपैकी एकाच वंशात होती. पुढे, संवर्धन चालू असतानाच, आणखी एका वंशाने ती आपोआप मिळविली.

उत्परिवर्तन म्हणजे बिघाड, असे आपण विद्यार्थ्यांना सहज सांगून जातो. पण प्लॅटिनमयुक्त औषधे दुरुस्तीची शक्ती गमावलेल्या पेशींवरच अधिक परिणाम करतात. अशा उपचारांनंतर उलटलेल्या काही गाठींत बीआरसीए जनुकात दुसरे उत्परिवर्तन होऊन पहिला दोष सुधारला गेल्याचे २००८ साली दाखविण्यात आले. जनुक पूर्ववत् झाले, आणि औषध निरुपयोगी ठरले.