हेराल्डचं मागचं हब निघत का नाही?

आजच्या भागाचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड सुरू करायला घेतलीय, ब्रेक ड्रम निघाला, पण आतलं हब तीन दिवस जागचं हलत नाहीये. "दादा, घण घालू का?" असा प्रश्न आहे. उत्तर आधीच देतो: नको. का नको, ते आता ऐका.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायम्फ हेराल्ड 1959 साली इंग्लंडमध्ये आली, डिझाइन इटलीच्या मिकेलॉत्तीचं. 1961 पासून मद्रासमध्ये ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायला लागली. पुढे आपल्याकडे तिचं चार दारांचं रूपही आलं, जे इंग्लंडमध्ये विकलं गेलं नाही. असो, दारं राहू द्या, आपण मागच्या चाकाकडे जाऊ.

अँबॅसेडरसारखा मागे अखंड अ‍ॅक्सल इथे नाही. डिफरन्शियल चासीला पक्का बसवलेला, त्यातून दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट. शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं, म्हणजे टेपर. त्यावर हब बसतं, मध्ये एक छोटी चावी आणि वर मोठा नट. बऱ्याच जणांना वाटतं की इंजिनाची ताकद ती चावीच चाकापर्यंत नेते. तसं नाही. खरं काम टेपरची घट्ट पकड करते. पाचरीसारखंच आहे हे: कोन इतका कमी की एकदा ठोकून बसली की आपोआप सुटत नाही. नट काढला तरी हब तिथेच राहतं, ते यामुळेच. त्यात चाळीस-पन्नास पावसाळे गेलेले. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे त्या फटीत तो जणू दुसरी पाचर मारतो.

मग हब काढायचंच कशाला? कारण बेअरिंग आणि ऑइल सील त्याच्या मागे आहेत. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, बरं का. हेराल्डमध्ये चाक गाडीला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे हाच हाफ शाफ्ट. टेपरच्या जाड टोकाशी किंवा चावीच्या खाचेत तडा गेला आणि शाफ्ट चालत्या गाडीत तुटला, तर हबसकट चाक निघून जातं. तो तडा हब काढल्याशिवाय दिसत नाही.

आता काम. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावा. विटा चालणार नाहीत. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

नट सोडवताना हब फिरू नये म्हणून दोन स्टडना एक लांब पट्टी बांधा आणि तिचं टोक जमिनीला टेकवा. मग पान्याला पाइप लावून जोर द्या. नट ढिला झाला की पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या. हब सुटतं तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटतं. समोर नट नसेल तर ते थेट तुमच्या पायावर.

बाजारात मिळणारा तीन पायांचा पुलर इथे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो हबच्या फ्लँजच्या कडेला धरून ओढतो. हब हलण्याआधी फ्लँज वाकतो, आणि वाकलेलं हब म्हणजे कायमचं डगमगणारं चाक. लेथवाल्याकडे जा, निदान 20 मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट कापून घ्या. चारही स्टड बसतील अशी भोकं पाडायची (हेराल्डचं मापच आहे 4 स्टड, 95.25 मिलिमीटर वर्तुळावर) आणि मध्ये बारीक आट्यांचा जाड बोल्ट. प्लेट स्टडवर नटांनी आवळली की ताण चारही ठिकाणी सारखा पडतो.

शक्य असेल तर हाफ शाफ्ट हबसकट गाडीतून उतरवूनच घ्या. आतल्या टोकाला चार बोल्ट आहेत. बाहेरची बाजू सोडताना मात्र आडव्या पाट्याच्या स्प्रिंगचा ताण लक्षात ठेवा, खाली जॅक हवाच. शाफ्ट गाडीत ठेवून हातोडा मारलात तर प्रत्येक फटका क्रॉसला आणि डिफरन्शियलला बसतो.

पुढे फक्त चिकाटी. टेपरच्या तोंडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. मधला बोल्ट कडक आवळा, त्याच्या डोक्यावर हातोड्याचा एक सरळ, खणखणीत फटका मारा, पुन्हा थोडा आवळा. नाही निघालं? ताण तसाच ठेवून झोपायला जा. कित्येकदा हब रात्रीच कुणी नसताना सुटतं, सकाळी नटाला टेकलेलं दिसतं! तरीही अडलंच तर गॅसची उष्णता, पण हबच्या मधल्या जाड भागालाच, सगळीकडून फिरवत. पाण्याचा थेंब चुरचुरला की पुरे, लोखंड लाल करायचं नाही. ऑइल सील जळणारच, ते नवीन घालायचंच आहे. ब्रेक शू आणि ब्रेक ऑइल मात्र आधी दूर करा, आग लागते.

हब निघालं की टेपर स्वच्छ पुसून डाय पेनिट्रंटने तपासून घ्या. लाल रंग फवारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. रेघ दिसली की तो शाफ्ट भंगारात, वेल्डिंग करून वापरायचा नाही. पृष्ठभागावर तांबूस भुकटी आणि खड्डे असतील तर हब आधी ढिलं चालत होतं असं समजा, चावीही बदला. परत बसवताना टेपर कोरडा ठेवा, ग्रीस नको, आणि नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. शे-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा.

व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मित्रा, प्लेट बनली की फोटो टाक. पुढच्या भागात याच गाडीचे ट्रनियन.