झिरो सेवंटी

पहाटे ५.४०
आलापल्लीच्या चौकात चहाची एकच टपरी उघडी आहे. डिसेंबरचा गारठा. सुरजागडच्या बाजूनं खनिजाचे ट्रक येतात आणि जाताना लाल धुळीचा एक थर टपरीच्या ताडपत्रीवर टाकून जातात. मिस्त्री बाकड्यावर बसलेत. वय अठ्ठावन्न. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरलाय, पण पीत नाहीत. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पांढरंफटक पडलंय. थंडीत असंच होतं. तीस वर्षं झाडं कापायच्या चेनसॉ मशीनचा हादरा खाल्लेला हात आहे. "सुई टोचली तरी समजत नाही जी," ते सांगतात. हळूहळू बोटांत रंग येतो, मुंग्या येतात, मग ते चहा पितात. चहा दहा रुपये.

सकाळी ६.१५
दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भाडं अडीच हजार. वीजबिल वेगळं. भिंतीवर खिळ्यांना जुन्या चेनी, पुली, स्टार्टरच्या स्प्रिंगा लटकवलेल्या. खाली पोत्यावर त्यांचं स्वतःचं मशीन. जर्मन कंपनी स्टिल, मॉडेल ०७०. सगळे त्याला झिरो सेवंटी म्हणतात. एकशेसहा सीसीचं इंजिन, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा मोठं, आणि ते हातात धरून चालवायचं. पट्टी, तिच्यावर फिरणारी चेन आणि भरलेली टाकी धरून पंधरा किलोच्या आसपास वजन. चेन ब्रेक नाही. पट्टीचं टोक कुठं अडलं आणि मशीन उसळलं, तर ते थांबवायला फक्त माणसाचे दोन हात. आताच्या मशीनना ब्रेक असतो, हँडलला हादरा खाणारे रबर असतात. मिस्त्रींना हे सगळं ठाऊक आहे. तरीही हेच का? "हे खोलता येते," एवढंच उत्तर.

बल्लारपूरच्या एका ठेकेदारानं धंदा बंद केला तेव्हा अठरा हजारांत घेतलेलं. तेव्हाही ते जुनंच होतं. आत्तापर्यंत त्याचे दोन पिस्टन आणि तीन क्लच झालेत. पट्ट्या किती झाल्या ते त्यांनाही आठवत नाही.

६.३०
धार. रोजचं पहिलं काम. पट्टी शिकंज्यात आवळायची, साडेपाच मिलीमीटरची गोल कानस घ्यायची आणि एकेक दात. चेनवर चाळीसच्या आसपास दात, निम्मे डावे, निम्मे उजवे. तीस अंशांचा तिरपा कोन. कोन मोजायला काही नाही, पट्टीवर खडूनं मारलेली एक रेघ आहे. कानस फक्त पुढं ढकलायची, मागं आणताना उचलायची. प्रत्येक दाताला तीन घाव, ना कमी ना जास्त. एका बाजूचे दात लांब राहिले तर मशीन लाकडात वाकडं चालतं.

चेन मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. दात करवतीसारखा टोकदार नसतोच. तो आकड्यासारखा वळलेला असतो. लाकूड ओरबाडत नाही, तासून काढतो. ही कल्पना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली. ओंडक्यात भुंग्याची अळी जबड्यानं डावं-उजवं लाकूड खात पुढं सरकताना त्यानं पाहिली आणि तसा दात बनवला. मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी कानस थांबवली नाही. "अळीले धार लावा लागत नाही," ते म्हणाले.

धार लागते कारण साग. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूच. आंबा-मोहात दिवसभर चालणारी धार सागात दोन टाक्यांत बसते. एक कानस एकशे साठ रुपयांची, ती पंधरा-वीस दिवसांत गुळगुळीत होते. गोल कानस झाली की चपटी. दातापुढचा ठोंब जेवढा खाली, तेवढा दात खोल घुसतो. तो दातापेक्षा पाऊण-एक मिलीमीटर खाली हवा. जास्त घासला तर मशीन झटके देतं आणि ते झटके थेट त्या दोन पांढऱ्या बोटांत जातात.

७.२०
भाचा येतो. वय बावीस, आयटीआय डिझेल मेकॅनिक. रोजी चारशे. आल्या आल्या पेट्रोल कालवायला घेतो. जुनं मशीन, त्याला पंचवीसास एक. म्हणजे लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण आहे. चार टोपणं.

पेट्रोल हीच सध्या मोठी कटकट. त्यात वीस टक्के इथेनॉल आलंय. जुन्या मशीनमधल्या रबराला आणि कार्बोरेटरच्या पडद्याला ते मानवत नाही. मिस्त्री मला खेळ दाखवतात. काचेच्या बाटलीत पेट्रोल, त्यात थोडं पाणी, रेघ मारून ठेवायची आणि हलवायची. दोन मिनिटांनी पाण्याची रेघ वर चढलेली असते. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात गेलं. असं धुतलेलं पेट्रोल काही जण वापरतात. मिस्त्री वापरत नाहीत, त्यात मशीनचा दम जातो म्हणतात. त्यांचा इलाज साधा आहे. रात्री टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटर कोरडा होऊन बंद पडेपर्यंत मशीन चालवायचं.

७.४५
आज झिरो सेवंटी उठत नाही. भाचा दोरी ओढतो. आठ-दहा वेळा. फुसफुस.

"वढू नको. प्लग काढ."

प्लग ओला. म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. मिस्त्री स्टार्टरचं झाकण उतरवतात, फ्लायव्हीलच्या खिडकीतून आत पाहतात. आत सीबी पॉइंट. बजाज चेतकवर ज्यांनी हात काळे केले, त्यांना हा प्रकार पाठ असतो. दोन टोकं चिकटतात, सुटतात, सुटताना ठिणगी. टोकांवर काळी पुटं चढलीत. पॉलिश पेपरची बारीक पट्टी दोन टोकांच्या मधे घालून दोनदा ओढली. मग स्वच्छ कागदाची पट्टी, कचरा निघायला. मग फिलर गेज, चार दशांश. तेवढी फट. कंडेन्सर तर स्कूटरचाच बसवलाय, मूळचा मिळतच नाही.

"मामा, इस्पार्क येऊन रायला."

तिसऱ्या ओढीला मशीन उठतं. बाजारातली दोन कुत्री पळतात. खर्च शून्य, वेळ पंचवीस मिनिटं.

८.३०
मुलचेऱ्याकडचा एक बंगाली शेतकरी प्लॅस्टिकच्या पोत्यातून चायना मशीन घेऊन येतो. अठ्ठावन्न सीसी, मोबाइलवरून मागवलेलं, साडेसहा हजार. सायलेन्सर काढून भोकातून बॅटरी मारली की पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवलं.

"कितना?"

"ब्लॉक-पिस्टन बाराशे, मजुरी चारशे."

तो विचार करतो. सोळाशे आणि साडेसहा हजार. शेवटी पोतं ठेवून जातो. दोनशे आगाऊ. भाचा कुरकुरतो, सहा महिन्यांत परत येईल म्हणून. मिस्त्री म्हणतात, "येऊ दे ना. मग आपून कायले हावो?"

१०.०५
अहेरीच्या पलीकडं, प्राणहितेच्या बाजूचं गाव. मोटारसायकलवर मधे मशीन आडवं, मागं भाचा, मी दुसऱ्या गाडीवर. धान निघालंय. बांध्या मोकळ्या पडल्यात. धुऱ्यावर चार साग, शेतकऱ्याच्या वडिलांनी लावलेले.

मशीन गाडीवरून उतरवण्याआधी मिस्त्री कागद मागतात. सातबारा आणि तोडीची परवानगी. साग मालकीचा असला तरी १९६४ च्या झाडतोड कायद्यानं परवानगी लागते. विनापरवाना तोड पकडली तर लाकडासोबत हत्यारही जप्त होतं, ती तरतूद तर १९२७ च्या वन अधिनियमातच आहे. मिस्त्री कागद डोळ्यांजवळ धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. झाडं चार, कागदावर चार. बुंध्यावर हातोडीची खूण आहे का, वाकून पाहतात. ठीक.

दर ठरलेला. मशीन आणि मिस्त्री दिवसाचे अठराशे, पेट्रोल-ऑइल मालकाचं.

१०.३०
पहिलं झाड. घेर साडेतीन फुटांच्या वर. मिस्त्री झाडाभोवती दोन फेऱ्या मारतात, मान वर. फांद्यांचा भार कुठं, वारा कुठून. भाचा कुऱ्हाडीनं बुंध्याजवळचं गवत आणि झुडपं साफ करतो आणि मागच्या बाजूला तिरपी वाट मोकळी करतो. झाड सुटलं की त्या वाटेनं मागं व्हायचं, धावायचं नाही, नजर झाडावरच ठेवायची.

जिकडं पाडायचं तिकडं आधी खाच. खोडाच्या पावभर खोल, तोंड उघडं. मग मागून काप, खाचेपेक्षा दोन बोटं वर. पूर्ण कापायचं नाही. मधे दोन बोटांएवढी पट्टी ठेवायची, ती बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. काप अर्ध्यात आला की भाचा त्यात लाकडी पाचर ठोकतो. भुसा पिवळा, ओलसर, कातड्यासारखा वास. कापलेल्या तोंडावर सोनेरी लाकूड दिसतं, थोड्या वेळानं ते काळवंडतं.

एक कडकड. मिस्त्री मशीन बंद करून तिरप्या वाटेनं चार पावलं मागं. साग बांधीत आडवा. उरलेली मोठाली पानं मागाहून पडत राहतात. बुंधा जमिनीलगत ठेवलाय, खालची हातोडीची खूण शाबूत. खूण गेली तर तपासणीत प्रश्न. आणि बुंधा बुटका असला की पावसाळ्यात त्यातून नवा फुटवा चांगला येतो.

टाकीत पेट्रोल, दुसऱ्या टाकीत चेनचं ऑइल. ते ट्रकच्या गॅरेजातलं काळं, निघालेलं ऑइल, तीस रुपये लिटर, धोतराच्या फडक्यातून गाळलेलं. नवं ऑइल दहापट महाग. काळ्या ऑइलमधला लोखंडाचा कीस पंप खातो, हे मिस्त्री जाणतात. पंप ते दर दोन वर्षांनी बदलतात आणि हिशेब तरीही जमतो, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी १.००
चौथं झाड पडलं. भात, वरण, सुकट. शेतकऱ्याकडं बल्लारपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस आलाय. तो अयोध्येच्या मंदिराला २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारशाहचा साग गेला, मिरवणूक निघाली होती, ते रंगवून सांगतो. शेतकरी शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, "मंग भाव वाढवा ना जी." व्यापाऱ्याचा माणूस वरण मागतो.

मिस्त्रींचे वडीलही जंगलकामात होते. दोघांनी ओढायची आरी, एक इकडं, एक तिकडं. तोडीच्या कूपमध्ये मोठे ओंडके ओढायला कमलापूरचे हत्ती. आता ते हत्ती बघायला पर्यटक जातात. वडिलांना एका मोठ्या सागाला दोन-तीन तास लागायचे. मिस्त्रींना पंधरा-वीस मिनिटं. म्हणून मजुरी वाढली का? हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीच हात पुसत सांगितलं, की वडिलांच्या वेळी एका झाडावर चार माणसं जेवायची.

१.४५
खरं कौशल्य आता. पाडणं मशीन करतं, तुकडे कुठं करायचे ते डोकं ठरवतं. लाकडाचा भाव लांबी आणि घेरावर. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर १.२० मीटर आणि लांबी ३ मीटर असेल, तर ०.३० चा वर्ग गुणिले ३, म्हणजे ०.२७ घनमीटर. पण वाक मधे आला की भाव पडतो. गाठ टोकाला आली तर चालते, मधे आली तर फळीला लागते.

मिस्त्री खोडावर चालतात, पायानं वाक ओळखतात. कोळशानं खुणा करतात, पुसतात, परत करतात. एका खोडावर व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, इथं कापा. मिस्त्री हातभर मागं खूण करतात. तिथं कापलं की वाक तोकड्या तुकड्यात जातो आणि लांब तुकडा सरळ निघतो. शेतकऱ्याला ते कळत नाही, व्यापाऱ्याच्या माणसाला कळतं, म्हणून तो गप्प बसतो. प्रत्येक कापाला जवळपास सेंटीमीटरभर लाकडाचा भुसा होतो, म्हणून नको तो काप नाही.

ओंडका खालून दाबात असेल तर पट्टी अडकते. आधी दाबाच्या बाजूनं थोडं, मग उलट बाजूनं. एकदा तरी अडकतेच. पाचर, कुऱ्हाडीचा दांडा, दोन शिव्या, सुटते.

३.२०
धार बसली. भुसा चुऱ्यासारखा बारीक येऊ लागला की ओळखायचं. मिस्त्री ओंडक्यावर बसून परत कानस काढतात. तेवढ्यात भाचा फांद्यांचे जळाऊ तुकडे रचतो. फांद्या शेतकऱ्याच्या चुलीला. ओंडके इथंच पडून राहतील. वनरक्षक येईल, घेर-लांबी वहीत उतरवेल, पासिंगची हातोडी मारेल, मग वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी. टीपी हातात आल्याशिवाय ट्रक हलणार नाही.

५.१०
दिवस कलला. उजेड आहे तोवर रस्त्याला लागायचं. या भागात संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यानं कोणी रेंगाळत नाही.

शेतकरी अठराशे मोजतो. मिस्त्री पन्नास परत देतात, पोराच्या खाऊसाठी. भाचा ते पाहून न पाहिल्यासारखं करतो.

६.३०
दुकान. मशीन परातीत. एअर फिल्टर पेट्रोलनं धुवायचा. पट्टीच्या खाचेतला भुसा-ऑइलचा गोळा खिळ्यानं काढायचा. पट्टी उलटी करून बसवायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. टाकी रिकामी, मशीन कोरडं होईपर्यंत चालू.

मग चायना मशीनचा कार्बोरेटर. पडदा बाहेर आला, वाळलेल्या पापडासारखा कडक. बोटानं दाबला तर टकटक वाजला. नवा किट दोनशे चाळीस. ग्राहकाला सांगितलेल्या सोळाशेत हा नव्हता. मिस्त्री फोन लावतात. "हां दादा, और दोसो चालीस." पलीकडून बराच वेळ बोलणं. मिस्त्री फोन कानापासून लांब धरतात. "ठीक, दोसो."

७.४५
वही. अठराशे. त्यातून चारशे भाच्याचे, आणि कानशीचा-चेनचा रोजचा भाग म्हणून दीडशे बाजूला. नवी चेन अठराशेची, ती किती दिवस चालेल त्यावर सगळं. चांगले चार महिने असं काम. पावसाळ्यात वीज मंडळाच्या ठेकेदाराकडं तारांवरच्या फांद्या आणि वादळात पडलेली झाडं.

भाचा शटरजवळ उभा. ट्रकच्या गॅरेजात चौदा हजार महिना देतात म्हणतो, शिवाय जेवण. मिस्त्री वहीतून मान वर करत नाहीत. "तिथं डिझेल आहे, शिकशील," म्हणतात. "पहिली तारखेपासून का?"

"पहिलीपासून."

"मंग त्या बंगाल्याचं मशीन तूच बसव. ब्लॉक उद्या नागपूरहून येते."

८.२०
फोन वाजतो. सकाळच्याच गावातला दुसरा शेतकरी. त्याच्याकडंही दोन साग आहेत, उद्याच पाडायचे, व्यापारी थांबलाय.

"परवानगी?"

"अर्ज देल्लाय जी. येईनच."

"आली का फोन करजो." मिस्त्री फोन ठेवतात आणि शटर ओढायला भाच्याला हाक मारतात.