तुमचं घर ‘समाजाची साधनसंपत्ती’ आहे का? दोन शब्दांसाठी ९ न्यायाधीश का बसले, समजून घ्या

पावसाळा आला की उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये धोकादायक इमारतींची चर्चा सुरू होते. मे २०२१ मध्ये शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून जीव गेले. अशा वेळी प्रश्न पडतोच : मालक दुरुस्ती करत नसेल, तर सरकार इमारत ताब्यात घेऊ शकतं का? याचं उत्तर राज्यघटनेतल्या दोन शब्दांभोवती फिरतं.

वाद कशाचा?
मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (सेस) इमारतींचा. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये प्रकरण आठ-अ आलं. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास इमारत संपादित करून त्यांच्या सोसायटीला देण्याची त्यात सोय आहे. मोबदला मासिक भाड्याच्या १०० पट. मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

शब्द कोणते?
‘भौतिक साधनसंपत्ती’. समाजाच्या या संपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं, असं अनुच्छेद ३९(ब) सांगतो. यात खासगी घर येतं का, हे तिथे लिहिलेलं नाही. १९७७ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी ‘येतं’ असा व्यापक अर्थ लावला होता.

निकाल काय?
५ नोव्हेंबर २०२४ ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह सात न्यायाधीशांनी म्हटलं : प्रत्येक खासगी मालमत्ता यात येत नाही, काही येऊ शकतात. त्यासाठी चार गोष्टी पाहायच्या : संपत्तीचं स्वरूप, समाजहितावर परिणाम, टंचाई आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम. न्या. नागरत्ना अंशतः सहमत होत्या, न्या. धुलिया असहमत.

म्हणजे घर सुरक्षित?
‘सरकार आता खासगी मालमत्ता घेऊच शकत नाही’ हा अर्थ चुकीचा आहे. अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधारे संपादन आजही होऊ शकतं. फरक एवढाच, की ३९(ब) चं नाव घेतलं म्हणून कोणत्याही कायद्याला समानतेच्या हक्काविरुद्ध आपोआप कवच मिळणार नाही.

उल्हासनगरला काय लागू?
आठ-अ मुंबईच्या सेस इमारतींपुरतं आहे, आणि ते वैध की अवैध हे या निकालाने ठरवलेलं नाही. मात्र उद्या असा कायदा इथे आला, तर याच चार कसोट्या लागतील. तोवर स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस आली असेल, तर निकालाची वाट पाहू नका.