बाळंतिणीची भीती कोण घालवणार?

वरूडचा संत्रा देशभर जातो. त्या बागांत निंदणाला, तोडणीला राबणारी आमची भगिनी मात्र दिवस भरत आले की एकाच विचाराने खंगते : बाळंतपण कुठे करायचे? दवाखान्याचे नाव काढले की अनेकींच्या छातीत धस्स होते. ‘घरीच बरं’ असे त्या म्हणतात. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. आम्ही तसे ठरवणार नाही. कळा सोसायला ती भीत नाही. ओरडली तर कोणी खेकसेल, जात विचारेल, एकटीला टाकून देईल, याला ती भिते.

घरी तिला धीर देणारी सुईण होती. गावगाड्यात हे काम बहुतेक ठिकाणी आपल्याच आयाबायांच्या वाट्याला आले. जिच्या सावलीचा विटाळ मानला, तिच्याच हातात वाड्यावरचे मूल पहिल्यांदा आले! नाळ कापून झाली की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिच्या हातात अनुभव होता, शब्दात माया होती. पण रक्तस्राव थांबला नाही, मूल आडवे आले, तर ती बिचारी काय करणार? म्हणून घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणे आम्हाला मान्य नाही.

मग विश्वास येतो कशातून? आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आदिवासींत राहून सेवा केली. स्मिताताईंचे बाळंतपण डॉक्टरांनी तिथेच केले. बाळ गंभीर आजारी पडले. अकोल्याला न्या, असे लोक म्हणाले. गावातील इतर मुलांवर जसे उपचार होतात तसेच माझ्या मुलावर व्हावेत, असा निर्णय त्या माउलीने घेतला. बाळ वाचले आणि गावाचा विश्वास बसला. तो धोका कोणी पत्करावा असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी विश्वास टाकला तो आपल्यासारखे जगणाऱ्या माणसावर, हे ध्यानात घ्यावे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली जगाने त्याची दखल घेतली.

हा वारसा आपलाच आहे. १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाचे दार उघडले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रीच्या प्रसूतीकाळातील विश्रांतीची आणि आर्थिक लाभाची बाजू मांडली. बाईचे बाळंतपण ही तिची खासगी कटकट नाही, राष्ट्राची जबाबदारी आहे, ही ती भूमिका.

२०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातील सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. बाई खाटेपर्यंत पोहोचली. सन्मान पोहोचला का? प्रसूतीच्या वेळी विश्वासाची बाई सोबत असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच कळवले आहे. हा हक्क किती जणींना ठाऊक आहे?

तेव्हा प्रत्येक वस्तीतील महिला मंडळाने एवढे करावे : गरोदर भगिनीची नोंद ठेवावी, तपासणीला सोबत जावे, १०८ क्रमांक भिंतीवर लिहावा, आणि कळा सुरू झाल्या की तिचा हात धरून दवाखान्याच्या आत जावे. कोणी हिणवले तर लेखी तक्रार करावी. आपले माणूस जवळ असले की भीती पळते. आपल्या लेकीबाळींना मरणाच्या भीतीने घरी आणि अपमानाच्या भीतीने दवाखान्यात कुढायला लावणारा समाज स्वतःला आंबेडकरी म्हणवू शकत नाही!

जयभीम!