दोन तारांची बस

ग्वाल्हेर स्टेशनच्या फलाटावरून वर पाहा. प्रत्येक रुळावर विजेची एकच संपर्क तार दिसेल. इंजिन तिच्यातून २५,००० व्होल्टची वीज घेतं आणि परतीचा प्रवाह चाकांतून रुळांत उतरतो. बसला ही सोय नाही, कारण रबरी टायर वीज वाहू देत नाहीत. म्हणून ट्रॉलीबसला डोक्यावर दोन तारा लागतात: एक प्रवाह येण्याची, दुसरी परतीची. टपावर स्प्रिंगने वर रेटलेले दोन लांब दांडे असतात. दांडा तारेवरून निसटला की मोटार बंद. मग कुणीतरी मागे उतरायचं, दोरी ओढायची आणि तो पुन्हा नेमका तारेवर बसवायचा.

बर्लिनजवळ वेर्नर सीमेन्स यांनी १८८२ मध्येच अशी गाडी चालवून दाखवली. मुंबईत बेस्टने १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगावदरम्यान ट्रॉलीबस सुरू केली आणि १९७१ मध्ये ती बंद झाली. मला याची हळहळ वाटते. धूर न सोडणारी, चढावर जोमाने निघणारी ती गाडी होती.

आता दांड्यांच्या जोडीला बॅटरी आली आहे. मोठ्या रस्त्यावर तारेखाली धावतानाच ती चार्ज होते आणि पुढचा पल्ला बस तारेविना कापते. ग्वाल्हेरला हीच पद्धत शोभेल. महाराज बाड्याभोवतीच्या देखण्या इमारतींसमोर तारांचं जाळं नको. तिथे बसने दांडे खाली घ्यावेत आणि बॅटरीवर पुढे जावं.