तांब्याला धरून ठेवणारे हात



गणेश चतुर्थी जवळ आली की घरोघरी तांब्याचे कलश चिंचेने घासून लख्ख केले जातात. चिंचेतले आम्ल भांड्यावरचा काळा थर विरघळवते, आणि सुटलेल्या तांब्याच्या आयनांना चिंचेतलेच टार्टारेट धरून ठेवते. हे धरून ठेवणे म्हणजे काय, ते आज आम्ही सांगणार आहोत.

तांब्याच्या आयनाला इलेक्ट्रॉनांची उणीव असते. उलट ऑक्सिजन, नायट्रोजन यांसारख्या अणूंजवळ इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. ती जोडी आयनाशी वाटून घेतली की दोघांत बंध जुळतो. अशी जोडी देणाऱ्याला लिगंड म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्यूइस यांनी 1923 साली व्याख्या मांडली की जोडी घेणारे ते आम्ल आणि देणारी ती आम्लारी. या हिशेबाने तांब्याचा आयन आम्ल ठरतो आणि लिगंड आम्लारी. आपल्या रक्तातले लोहही हिमोग्लोबिनमध्ये नायट्रोजनच्या अशाच बंधांनी बसलेले आहे.

हा नुसता शाळेतला धडा नव्हे; माशांच्या जिवाशी त्याची गाठ आहे. अमेरिकेत सिएटलजवळ बॉथेल हे शहर आहे. तेथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात नॉर्थ क्रीक नावाच्या ओढ्याकाठी 58 एकर पाणथळ जमीन पूर्ववत केली आहे. या ओढ्यात सॅमन मासे येतात. मोटारींचे ब्रेक झिजून निघालेली तांब्याची पूड पावसाबरोबर अशा ओढ्यांत उतरते. जखमी सोबत्याच्या कातडीचा वास आला की कोहो सॅमनचे पिल्लू जागीच थबकते आणि शत्रूच्या नजरेतून सुटते. पण लिटरभर पाण्यात विरघळलेले अवघे काही मायक्रोग्रॅम तांबे त्याचे नाक बधिर करते. मग शत्रू जवळ आला तरी ते पोहतच राहते.

मात्र सगळे तांबे सारखे घातक नसते. कुजलेल्या पाल्यातून पाण्यात उतरलेले सेंद्रिय द्रव्य लिगंड होऊन तांब्याला धरते. असे द्रव्य पुरेसे असेल तर पिल्लांची घ्राणशक्ती बरीचशी टिकते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच तांबे किती आहे एवढेच पाहून भागत नाही. मोकळे किती आणि बांधलेले किती, हेही पाहावे लागते.

पण पाल्याचे हात कधीतरी भरतात. पुढे येणारे तांबे मग मोकळेच राहते. म्हणून वॉशिंग्टन राज्याने 2010 साली कायदा केला. त्यानुसार 2021 पासून वजनाने 5 टक्क्यांहून अधिक तांबे असलेले ब्रेक-पॅड तेथे विकता येत नाहीत.

आपल्या मॉरिशसमध्येही रस्त्यावरचे पाणी ओढ्यानाल्यांतून लगूनलाच मिळते. काठचा झाडझाडोरा राखला तर निसर्गाचे हात शाबूत राहतील. आणि त्या हातांवर किती भार टाकायचा, ते आपण ठरवायचे आहे.